सातपुड्याच्या पायथ्याशी खडकाचे थर कसे वाचावेत: गेरू, डाइक आणि खचलेला पट्टा

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. सातपुड्याला दक्षिणेकडून लागून असलेल्या या तालुक्यांत एक कोडं गावोगाव ऐकू येतं. एकाच्या शेतात सत्तर-ऐंशी फुटांवर काळा पत्थर लागतो आणि थोडं दक्षिणेला, दुसऱ्याच्या शेतात चारशे फूट बोअर घेतलं तरी माती, वाळू आणि गोटेच वर येतात. याचं उत्तर एखादा दगड हातात घेऊन मिळत नाही. खडकाचे थर डोंगरात कसे रचलेत, कुठे कललेत, कुठे तुटलेत आणि कुठे खाली गेलेत हे जोडत गेलं की मिळतं. हे काम कॉलेजचा विद्यार्थी, शाळेतला भूगोलाचा शिक्षक किंवा पाण्याच्या शोधात असलेला शेतकरीही करू शकतो. फक्त ते क्रमाने करावं लागतं.

आधी काळाचा अंदाज

क्रिटेशियस कालखंड सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. तो संपत येताना पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. त्याचे थर आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. दख्खनचा काळा पत्थर, म्हणजेच बेसाल्ट, तो हाच. त्यातला बहुतांश लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या आत आला. काही प्रवाह क्रिटेशियस संपण्याआधीचे आहेत, काही त्यानंतर लगेचचे. समोरची टेकडी या सीमेच्या अलीकडची की पलीकडची हे नुसत्या नजरेने ठरत नाही. त्याला प्रयोगशाळेत आर्गॉन वायूवरून वय काढावं लागतं किंवा खडकात गोठलेली चुंबकीय दिशा मोजावी लागते. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मात्र नाल्याच्या काठी उभं राहूनही सांगता येतं, आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं.

बाहेर पडण्याआधी घरी करायचं काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. जुन्या क्रमांकानुसार चोपडा आणि यावल ४६ ओ मध्ये येतात, शिरपूर आणि शहादा ४६ के मध्ये, आणि रावेरच्या पूर्वेचा भाग ५५ क्रमांकाच्या गटात जातो. सोबत इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरचं उपग्रहचित्र आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरचा भूशास्त्रीय नकाशा उघडा. पेन्सिलने तीन गोष्टी खुणवा: डोंगर संपून सपाटी सुरू होते ती रेषा, अगदी सरळ जाणारे नाले, आणि लांब अरुंद टेकड्यांच्या रांगा. या रेषा पुढे खऱ्या ठरतील किंवा खोट्या, पण कुठे चालायचं ते त्या ठरवून देतात.

पिशवीत होकायंत्र, उतार मोजायला कोनमापक आणि ओळंबा (किंवा फोनमधलं क्लिनोमीटर), दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, वही आणि भरपूर पाणी असू द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली मिळाली तर फार कामाला येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये खानदेशचं ऊन अंगावर घेऊन मोजमाप नीट होत नाही, आणि पावसाळ्यात सातपुड्यातले नाले डोंगरावरच्या पावसाने अचानक फुगतात.

यावल आणि अनेर अभयारण्यांत वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका आणि तिथून दगड उचलू नका. फोटो आणि नोंद पुरेशी आहे. हातोडी उघड्या माळावर आणि मालकाची परवानगी असलेल्या खाणीतच वापरावी.

एक लाव्हा प्रवाह पायथ्यापासून माथ्यापर्यंत

पहिला दिवस एकाच प्रवाहाला द्या. शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरहून सेंधव्याकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग बिजासन घाटातून सातपुडा ओलांडतो. रस्त्यासाठी डोंगर कापल्याने तिथे थर उघडे पडले आहेत. वाहतूक जड आहे, म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजमाप करू नका, लांबून पाहा आणि फोटो घ्या. हाताने तपासण्यासाठी आडगावजवळ मनुदेवीच्या धबधब्याकडे जाणारी वाट किंवा रावेरच्या उत्तरेला पालकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे नाले बरे.

तळापासून वर बघत जा. प्रवाहाच्या अगदी बुडाशी कधी कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. खालच्या ओलाव्यामुळे आणि अडकलेल्या वायूमुळे त्या तयार झाल्या. सगळ्या नळ्यांची टोकं एकाच बाजूला वाकलेली असतील तर लाव्हा त्या दिशेने सरकत होता. बुडाच्या वर घट्ट, जड, बारीक कणांचा गाभा लागतो. त्यात उभ्या भेगा असतात आणि जिथे त्या नीट पडल्या आहेत तिथे पाच-सहा बाजूंचे खांब दिसतात. लाव्हा वरून आणि खालून थंड होत आला, त्यामुळे भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात पडल्या. हे लक्षात ठेवा, डाइक (थरांना छेदणाऱ्या खडकाच्या भिंती) ओळखताना याचाच उपयोग होणार आहे.

गाभ्याच्या वर छिद्रं वाढत जातात. तो खडक मऊ आणि ठिपक्याठिपक्यांचा होतो, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. छिद्रांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं भरलेली असतात. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही, मोत्यासारखी चमक दिसली आणि पानांच्या गुच्छासारखा आकार असेल तर बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. काचेवर ओरखडा उमटला तर क्वार्ट्‌झ किंवा अकीक. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले झिओलाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या खनिजसंग्रहांत दिसतात.

सर्वांत वर कधी गेरू मिळतो. तो विटकरी, चिकट मातीचा थर असतो, काही इंचांपासून काही फुटांपर्यंत जाड. दोन उद्रेकांमध्ये काळ गेला, तेवढ्यात आधीच्या प्रवाहाचा माथा कुजला, त्यावर कधी राखही पडली आणि मग पुढच्या लाव्हाने तो भाजून लाल केला. प्रत्येक प्रवाहावर गेरू मिळेलच असं नाही. कधी एकावर एक लगेच आलेले पातळ प्रवाह असतात आणि त्यांच्यात फक्त छिद्रांची पट्टी तेवढी सीमा दाखवते.

वहीत प्रत्येक थराची जाडी, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बूड-गाभा-माथा यांपैकी काय दिसलं ते लिहा. गाभा दोनदा दिसला म्हणजे दोन प्रवाह, ही साधी मोजणी सुरुवातीला फार उपयोगी पडते.

गेरूचा पाठलाग

या लेखातलं हे मुख्य काम, म्हणून यावर घाई करू नका.

काळे प्रवाह एकमेकांसारखे दिसतात, पण एखादा जाड गेरू किंवा एखादा मोठ्या पांढऱ्या स्फटिकांचा प्रवाह ओळखीचा म्हणून धरता येतो. असा एक थर निवडा आणि तो शेजारच्या नाल्यात शोधा, मग त्यापुढच्या नाल्यात. जानेवारीत डोंगराच्या उतारावर एकाच पातळीवर हिरव्या झाडांची आणि झिरपणाऱ्या पाण्याची रेघ दिसली तर तिच्याखाली गेरू असण्याची शक्यता चांगली. त्याच्या चिकट मातीतून पाणी खाली उतरत नाही, ते वरच्या भेगांतून आडवं बाहेर येतं.

दख्खनचे थर बहुतेक ठिकाणी एका अंशाहूनही कमी कललेले असतात. इतकी कमी नती (थराचा कल) होकायंत्र टेकवून मोजता येत नाही, खडकाचा खडबडीतपणाच तिच्याहून जास्त असतो. एक अंश म्हणजे एका किलोमीटरमागे साधारण साडेसतरा मीटरचा उतार. म्हणून उंचीवरून हिशेब करायचा.

समजा एकच गेरू तीन नाल्यांत सापडला. अ ठिकाणी त्याची उंची ३४० मीटर, ब ठिकाणी ३२० आणि क ठिकाणी ३०० मीटर. नकाशावर अ आणि क जोडा. या रेषेवर ३२० मीटर उंची बरोबर मध्यावर येईल. तो मध्यबिंदू आणि ब जोडा. ही झाली थराची आडवी रेषा, म्हणजे नतिलंब. तिच्यावर कुठेही गेरू ३२० मीटरवरच असेल. आता अ पासून या रेषेवर लंब टाका. तो जमिनीवर ८०० मीटर भरला असं धरा. ८०० मीटरांत थर २० मीटर उतरला, म्हणजे ४० ला १, जवळपास दीड अंश. उतरण लंबाच्या दिशेने, अ कडून रेषेकडे.

दोन गोष्टी सांभाळा. फोनच्या जीपीएसची उंची सहज दहा मीटर किंवा जास्त चुकते, म्हणून तीन ठिकाणांमधला फरक त्या चुकीच्या किमान दुप्पट-तिप्पट असेल असेच नाले निवडा, नाहीतर पाटबंधारे किंवा बांधकामाच्या सर्वेक्षणातला लेव्हल मिळवा. दुसरं, लाव्हा जिथे वाहिला ती जमीन आधीच थोडी उताराची असू शकते. त्यामुळे दीड अंशाचा कल मिळाला म्हणून लगेच ‘डोंगर उचलला गेला’ असं लिहू नका. अनेक थर एकाच दिशेने कललेले असतील, किंवा पाच-दहा अंशांची नती एखाद्या अरुंद पट्ट्यातच अचानक दिसली, तर जमिनीच्या हालचालीचा विचार करा.

होकायंत्राबद्दलही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. वीज पडलेल्या माथ्यांवर तर सुई चक्क भलतीकडे जाते. होकायंत्र खडकावर ठेवू नका, कमरेच्या उंचीवर धरा, पुढच्या खुणेपर्यंत दिशा घ्या आणि तिथून उलट दिशा घेऊन ताडा. दोन्ही जुळल्या तरच आकडा वहीत. खानदेशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, त्याची चिंता नको.

डाइक: थरांना छेदणाऱ्या भिंती

नंदुरबार, साक्री, धुळे या पट्ट्यात शेतांच्या मधून किलोमीटर-किलोमीटर सरळ जाणाऱ्या बुटक्या टेकड्या दिसतात. त्या डाइक आहेत. लाव्हा ज्या भेगांतून वर आला किंवा येऊ पाहत होता त्या भेगा भरून गोठल्या, आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि भिंत उरली. नंदुरबार-धुळे भागात अशा २०० हून अधिक डाइकची नोंद झाली आहे, काही तर दहा-दहा किलोमीटरांहून लांब. त्यांतल्या बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिमेच्या आसपास आहे, म्हणजे त्या काळी कवच उत्तर-दक्षिण ताणलं जात होतं. नर्मदा आणि तापी यांची दिशाही तीच आहे. हा योगायोग नाही, ती जुनी कमकुवत रेषा आहे.

प्रत्येक लांब टेकडी डाइक नसते, काही प्रवाहांच्या झिजलेल्या कडा असतात. ओळख अशी पटवा:

- खांब आडवे पडलेले आहेत का बघा. डाइक दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींकडून थंड होतो, त्यामुळे त्याचे खांब लाकडाच्या मोळीसारखे आडवे रचलेले दिसतात. प्रवाहात ते उभे असतात. ही सर्वांत भरवशाची खूण.
- काठापासून मध्यापर्यंत भिंगाने कण बघत जा. काठाला काचेसारखा बारीक, मध्ये भरड.
- बाजूचा मांजऱ्या किंवा गेरू काठाला भाजल्यासारखा कडक झालेला आहे का.

डाइकची रुंदी आणि दिशा मोजा आणि तो ज्या प्रवाहांना कापतो त्यांची नावं लिहा. कापणारा कापलेल्यापेक्षा तरुण, हा नियम. एखादा डाइक अचानक थांबून काही मीटर बाजूला पुन्हा सुरू झाला तर तो फोटो जपून ठेवा, पुढच्या टप्प्यात कामाला येईल.

पाण्याच्या दृष्टीने डाइकबद्दल गावात दोन टोकांची मतं असतात, ‘डाइकवर पाणी हमखास’ किंवा ‘डाइकवर कोरडंच’. दोन्ही अर्धवट. घट्ट डाइक जमिनीखालच्या बांधासारखा असतो, वरच्या अंगाच्या विहिरींत पाणी टिकतं आणि खालच्या अंगाच्या कोरड्या पडतात. भरपूर भेगा असलेला डाइक स्वतःच पाणी वाहून नेतो. म्हणून भेगा मोजल्याशिवाय आणि दोन्ही अंगांच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पायथा: डोंगर कुठे संपतो आणि का

सातपुड्याचा दक्षिण पायथा अनेक ठिकाणी इतका सरळ आहे की प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडक तुटून एक बाजू सरकल्याचा, संशय येतोच. तापीच्या उत्तरेला असा भंग असल्याचं भूशास्त्रज्ञ मानतात. पूर्वेकडे अमरावतीच्या बाजूला तो गाविलगडच्या प्रस्तरभंगाशी जोडला जातो. तिथे अमरावती-बैतूलच्या सीमेवर सालबर्डीला त्याचा लखलखीत पुरावा आहे. बेसाल्टखाली दडलेले गोंडवाना आणि लॅमेटा नावाचे जुने गाळाचे खडक भंगामुळे वर येऊन उघडे पडले आहेत. हा पट्टा आजही पूर्ण शांत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं केंद्र जवळपास ४० किलोमीटर खोल होतं.

पण सरळ पायथा दिसला म्हणजे प्रस्तरभंग सिद्ध झाला नाही. नदी आणि पाऊसही थरांच्या कडा सरळ झिजवतात. किमान दोन वेगळ्या जातीचे पुरावे गोळा करा. डोंगरातला ओळखीचा गेरू पायथ्याजवळ अचानक खूप खाली गेला का? नाल्यात चुरा झालेला, मातीसारखा पट्टा आणि त्यात घासून चकचकीत झालेल्या, रेघा असलेल्या भिंती आहेत का? त्या रेघांची दिशा नोंदवा, घसरण कोणत्या दिशेने झाली ते त्या सांगतात. डाइक बाजूला सरकला आहे का? चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. खोल उतरलेलं पाणी तापून भेगेतून वर येतं, त्यामुळे असा झरा खोल भेगेची साक्ष देतो.

विहिरींची वही

गाळाखाली गेलेला खडक डोळ्यांना दिसत नाही, विहिरी आणि बोअर हीच तिथली खिडकी. पायथ्यापासून तापीकडे उत्तर-दक्षिण एक रेषा धरा आणि तिच्यालगतच्या विहिरींची माहिती घ्या. जुन्या माणसांना विचारताना मीटर विसरा. “आबा, मुरूम किती परसावर संपला? गेरू लागला होता का? पाणी कुठून फुटलं?” असं विचारलं की नेमकी उत्तरं मिळतात. तुमच्या गावातला परस किती फुटांचा ते आधी विचारून घ्या. बोअरवाल्या दादांकडून माहिती घेताना चुऱ्याचा रंग आणि चुरा गोल होता की टोकदार हे विचारा.

डोंगराला लागून मोठे गोटे आणि भरड वाळू, पुढे बारीक वाळू आणि त्याहून पुढे पिवळी चिकण माती असा क्रम साधारण दिसतो. डोंगरातून सुटलेल्या नद्यांचा वेग सपाटीवर मोडतो, त्या जड माल आधी टाकतात. हाच बझाडा पट्टा. यातून पाणी झपाट्याने खाली मुरतं. यावल-रावेरची केळी याच पाण्यावर उभी राहिली आणि उपसा वाढल्यावर पातळी खोल गेली, त्याचंही कारण या गोट्यांतच आहे.

इथे एक फसवणूक टाळा. गोट्यांच्या पट्ट्यात बोअर एखाद्या मोठ्या दगडावर आलं की ‘पत्थर लागला’ असं लिहिलं जातं. सलग वीस-पंचवीस फूट ताजा, टोकदार काळा चुरा आला तरच तळखडक माना.

आता आकडे नकाशावर मांडा. काळा पत्थर ४० फूट, ७०, ९०, १२० असा हळूहळू खोल जात असेल तर डोंगराचा जुना उतारच गाळाखाली गेला आहे. ९० फुटांनंतर अर्ध्या किलोमीटरच्या आत ४०० फुटांपर्यंतही पत्थर नसेल तर मधे पायरी आहे. ती पायरी गाडलेल्या जुन्या नदीचा काठही असू शकते. म्हणून पूर्वेला आणि पश्चिमेला काही किलोमीटरवर अशाच आणखी रेषा घ्या. पायरी सगळ्या रेषांवर एका सरळ ओळीत आली तर प्रस्तरभंगाचं पारडं जड.

शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास सुरू झालेलं, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या नावाशी जोडलं गेलेलं जलसंधारणाचं काम याच भेदावर उभं आहे. बेसाल्टचा भाग वेगळा, गाळाचा भाग वेगळा आणि दोन्हीकडे उपाय वेगळे. माझं स्पष्ट मत आहे की ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून नुसती नाला रुंद-खोल करण्याची नक्कल दुसऱ्या तालुक्यात करण्याआधी तिथल्या थरांची अशी वही तयार झालीच पाहिजे. पातळ मुरूम आणि त्याखाली घट्ट गाभा असलेल्या जागी नाला खोल केला तर शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात झिरपून वाहून जातं.

बेसाल्टखाली काय आहे

खानदेशात लाव्हाचं बूड सहसा दिसत नाही. ते पाहायला सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात बाग-कुक्षीकडे जावं लागतं. तिथे बेसाल्टखाली क्रिटेशियसमधलेच, पण जुने थर उघडे आहेत: तळाला निमाड वालुकाश्म, त्यावर गाठींचा चुनखडक, त्यावर ब्रायोझोआ या समुद्रजीवांच्या अवशेषांनी भरलेला चुनखडक. सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याचे हे थर. त्यांत अमोनाइट (शंखासारखे नामशेष समुद्रजीव), समुद्री साळिंदर आणि शार्कचे दात मिळतात. त्यावरच्या लॅमेटा थरांत डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत. बागच्या लेण्या याच वालुकाश्मात कोरल्या आहेत, ओलाव्याने तो भुसभुशीत होतो म्हणून तिथले खांब ढासळले. अजिंठ्याचं बेसाल्टमधलं काम पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो.

असेच गाळाचे खडक तापीखालीही असावेत असा अंदाज भूकंपलहरींच्या खोल सर्वेक्षणातून आला. थुआदरा–सेंधवा–सिंदाड ही त्यांतली एक रेषा थेट जळगाव जिल्ह्यापर्यंत येते. बेसाल्टपेक्षा कमी वेगाने लहरी जाणारा थर त्याच्याखाली आढळला, तो या गाळाचा मानला जातो.

शेवटचं काम: छेद काढणं

आलेख कागदावर डोंगरापासून तापीपर्यंत एक रेषा काढा. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर, उभं १ सेंटिमीटरला १०० मीटर. यात उतार पाचपट वाढून दिसतो, दीड अंशाचा थर सात-साडेसात अंशांचा वाटतो. म्हणून ‘उभी वाढ पाचपट’ हे कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर बघणाऱ्याला सातपुडा उलटल्यासारखा वाटेल. जमिनीची रेघ काढा, त्यावर नाले आणि विहिरी त्यांच्या जागी बसवा, गेरूचे बिंदू लाल रंगाने जोडा, डाइक उभ्या पट्ट्यांनी दाखवा, गाळ ठिपक्यांनी. जे स्वतः पाहिलं ते भरीव रेषेत. विहिरीच्या तोंडी माहितीवरून काढलं ते तुटक रेषेत. पायथ्याच्या भंगाला एकाच जातीचा पुरावा मिळाला असेल तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

छेदाची एक प्रत ग्रामपंचायतीत लावा आणि एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या, त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहता येते. पुढच्या उन्हाळ्यात त्या रेषेवर कुणी नवी विहीर खोदायला घेतली तर काम सुरू असतानाच जाऊन मोजमाप घ्या. कडं बांधून झालं की थर झाकले जातात.